विशेष विवाह कायदा: नोटीस, तीस दिवस आणि त्यापुढचे

२० मार्च २०२५ रोजी पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली माझे लग्न झाले. मी पंढरपूर तालुक्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्या मराठा घरातली. माझा साथी छत्रपती संभाजीनगरचा, बौद्ध. आमची ओळख विद्यार्थी चळवळीतली. रखडलेल्या शिष्यवृत्त्या, वसतिगृहांच्या अपुऱ्या जागा आणि शुल्कवाढ यांवरची निवेदने लिहिण्यात आमची विद्यापीठातली वर्षे गेली, त्यामुळे सरकारी कागदाची भीती फारशी उरलेली नव्हती. या कागदाची मात्र वाटली, कारण इथे अर्जदार आम्हीच होतो आणि वादाचा विषयही आम्हीच. आमच्याआधी या वाटेने गेलेल्यांनी तोंडी सांगितलेल्या गोष्टींचा आम्हाला फार उपयोग झाला. त्या आणि आमच्या अनुभवातून कळलेल्या गोष्टी इथे क्रमाने लिहीत आहे.

सर्वांत आधी विचारला गेलेला प्रश्न असा, की हाच कायदा कशासाठी? हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, आणि त्यानुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न करता येते. म्हणजे त्याच्या घरच्या रीतीने, वंदना घेऊन केलेले लग्नही कायद्याला चालले असते. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतलेल्या पिढीचा तो नातू आहे, आणि स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावर ‘हिंदू’ हा शब्द कायद्याच्या नावापुरताही त्याला नको होता. माझे कारण अधिक रुक्ष होते. हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेलाच नसेल, तर नुसत्या नोंदणीने लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. आमच्या दोघांचे एका विधीवर एकमत होणे शक्य नव्हते, आणि नको असलेला विधी फोटोपुरता करणे दोघांनाही अप्रामाणिक वाटत होते. विशेष विवाह कायद्यात विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर उच्चारलेल्या वाक्याने लग्न होते, विधीने नव्हे.

एकमत शक्य नव्हते याचा खुलासा करायला हवा. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याचे वचन आहे, आणि माझ्या घरी सकाळ विठ्ठलाच्या नावाने उजाडते. आमच्या अभ्यास मंडळात धर्मावर पुष्कळ चर्चा होई, पण बहुतेक वेळा ती श्रद्धा म्हणजे मागासलेपणा की सांत्वन, या दोन टोकांमध्येच फिरत राही. मी हरिपाठ म्हणते हे काही सोबत्यांना खटकायचे. मला त्यांचे खटकणे पोरकट वाटायचे. माझ्या साथीदाराचा आक्षेप मात्र पोरकट नव्हता. चोखोबांची समाधी महाद्वारात, नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर आहे. विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मग शतकानुशतके ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ म्हणत चालणाऱ्यांचे पाय त्या दारापाशी कसे अडले नाहीत, असे तो विचारी. मला याचे उत्तर आजही देता येत नाही. माझे म्हणणे इतकेच असे, की तो अभंग आमच्या घरात होता म्हणूनच त्याचा प्रश्न मला कळला. यावर तो हसे आणि विषय तिथे थांबे. घरात कोणाचे चित्र लावायचे, हे आम्ही लग्नाआधी ठरवले नाही, आणि ते न ठरवताही लग्न करता येते ही या कायद्याची मोठी सोय आहे.

प्रत्यक्ष तयारी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, तिथे दोघांपैकी किमान एकाचे नोटिशीच्या दिवसापर्यंत सलग तीस दिवस वास्तव्य असावे लागते. मी वसतिगृहात राहत होते, आणि केवळ वसतिगृहाच्या पत्रावर विसंबू नका असे आम्हाला सांगण्यात आले होते. म्हणून त्याने भाड्याने घेतलेल्या खोलीचा करार आम्ही पुरावा म्हणून वापरला. तो नोंदणीकृतच करून घ्या. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी कायद्यानेच आवश्यक आहे, आणि नुसत्या नोटरीच्या कागदावर खिडकीशी घातलेला वाद हरण्याचीच शक्यता जास्त. वयासाठी शाळा सोडल्याचे दाखले आणि जन्माचे दाखले दोन्ही काढून ठेवले. त्याच्या दाखल्यावर आडनावातला एक ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आधार कार्डाशी जुळत नव्हता. तो दुरुस्त करण्यात डिसेंबर गेला. नावांची अक्षरे सर्व कागदांवर ताडून पाहणे हे काम सर्वांत आधी करावे, कारण त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

जानेवारीत नोटिशीचा नमुना प्रथम हातात घेतला. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे यावर आमची आधीच वादावादी होऊन गेली होती. परंतु कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतला नमुना नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण, कायमचा पत्ता आणि वास्तव्याचा काळ एवढेच विचारतो. धर्म नाही, जात नाही. हे आपोआप झालेले नाही. १८७२ च्या पहिल्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म पाळत नाही असे जाहीर करावे लागे, म्हणजे लग्नासाठी आधी धर्म नाकारावा लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची यातून आपापसांतील विवाहापुरती सुटका झाली, आणि १९५४ च्या सध्याच्या कायद्याने ती अट सर्वांसाठीच काढली. त्या नमुन्याइतका सभ्य सरकारी कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

अडचण नमुन्यात नसून त्याच्या प्रवासात आहे. नोटीस कार्यालयातल्या दर्शनी जागी तीस दिवस लावली जाते, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन तिथेही लागते. आमची नोटीस पुण्याबरोबर सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही लागणार होती. ही नोटीस जाहीर करणे पक्षकारांच्या इच्छेवर असावे असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला आहे. पण तो आमच्या कार्यालयात दाखवून काही उपयोग होणार नाही, असे वकील मैत्रिणीने आधीच बजावले होते, आणि तिचे म्हणणे खरे ठरले. म्हणून फलकावर लागण्याआधी घरी माझ्या तोंडून कळलेले बरे, असे मी ठरवले.

संक्रांतीला गावी जाऊन अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितले. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. उठून गोठ्यात गेले. आई रडली, आणि मुलगा काय करतो हे न विचारता त्याची जात तिने दोनदा विचारली. पुढे जवळजवळ तीन आठवडे अण्णा फोनवर फक्त पाऊसपाणी आणि उसाची तोड यांबद्दल बोलत राहिले. ८ फेब्रुवारीला माघी एकादशी होती. दिंड्या आल्या होत्या, मीही गेले होते. चंद्रभागेच्या वाळवंटात अण्णांनी विचारले, “कागद पंढरपुरात लावत्यात का सोलापुरात?” सोलापुरात, असे मी सांगितले. “मग भावकीला कळायला महिना तरी जाईल,” असा हिशेब त्यांनी मांडला. थोड्या वेळाने ते म्हणाले, “माळ घातलेल्याला जात विचारता येत नाही. पण माळ घातलेल्यालाही भावकी असतीच.” त्यांच्या श्रद्धेशी भांडावे लागेल या तयारीने मी गेले होते. प्रश्न श्रद्धेचा नाहीच, ही ताकीद मला त्यांच्याकडूनच मिळाली.

सोमवारी, १० फेब्रुवारीला नोटीस दिली. माहिती आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरायची, कागद अपलोड करायचे आणि नंतर मूळ कागदांसह दोघांनी प्रत्यक्ष हजर व्हायचे, असा आमच्या वेळचा क्रम होता. कार्यालयाबाहेरच्या एजंटाने ‘सगळे करून देतो’ म्हणून आठ हजार मागितले होते. सरकारी शुल्क मात्र काही शेकड्यांच्या आतले आहे, आणि एजंटावाचून कुठेही अडत नाही. पासपोर्ट आकाराची छायाचित्रे जास्तीची न्या, प्रत्येक कागदाच्या दोन स्वसाक्षांकित प्रती ठेवा, आणि नोटीस स्वीकारल्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण तीस दिवस आणि पुढची तीन महिन्यांची मुदत दोन्ही त्या तारखेवर अवलंबून असतात. तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.

अण्णांचा महिन्याचा हिशेब पहिल्याच आठवड्यात चुकला. सोलापूरच्या कचेऱ्यांत कामानिमित्त जाणारे गावातले कोणी ना कोणी असतेच. एकाने फलकाचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरला. छायाचित्र, पूर्ण नाव आणि पुण्याचा पत्ता, सगळे त्यात होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण मला भीती होती ती बोलण्याची. त्याला भीती होती ती जिवाची, आणि या दोन भीती एका मापाच्या नाहीत हे मला त्या आठवड्यात नीट कळले. सोनई २०१३ आणि खर्डा २०१४ या दोन्ही हत्याप्रकरणांवर आम्ही एकत्र मोर्चे काढले होते असे नाही, तेव्हा आम्ही शाळेत होतो. परंतु सवर्ण मुलीशी नाव जोडले गेल्यावर दलित मुलांचे काय झाले, हे त्याच्या घरात नावानिशी ठाऊक होते. त्याच्या आईचे बालपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि त्यानंतरच्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरे जळाली, तेव्हा ते कुटुंब शहरात आले ते कायमचेच. मुलाचा पत्ता सरकारनेच फलकावर लावला आहे हे त्यांना कितीही समजावले तरी पटत नव्हते. मला त्यात त्यांचे काही चुकते असे वाटत नाही.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याचे निर्देश दिले होते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या गृह विभागाने त्याबाबत कार्यपद्धती ठरवून दिली. त्या परिपत्रकाची प्रत जोडून आम्ही पोलिसांकडे अर्ज दिला. अर्जात धमकीची वाट न पाहता नोटिशीची तारीख, तिन्ही ठिकाणे, दोघांचे पत्ते आणि ज्यांच्याकडून त्रास संभवतो त्यांची नावे लिहावीत, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. ठाण्यातल्या पहिल्या अधिकाऱ्याला परिपत्रक माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी भेटलेल्या महिला अधिकाऱ्यांनी ते वाचून घेतले, दोघांचे क्रमांक टिपले आणि पुढे दर आठवड्याला स्वतःहून फोन केला. याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी एक समन्वय समितीही नेमली होती. तीत आधी आंतरजातीय विवाहही होते, टीका झाल्यावर ते वगळले. आमचे लग्न यांपैकी कशात मोडते, असे त्या अधिकाऱ्यांनी कुतूहलाने विचारले. आंतरधर्मीय तर आहेच, आणि बौद्ध असूनही तो अनुसूचित जातीत येतो म्हणून आंतरजातीयही. १९९० ची दुरुस्ती होईपर्यंत केंद्राच्या यादीत धर्मांतरित बौद्धांना ती जागाच नव्हती, हे त्यांना त्या दिवशीच समजले.

फेब्रुवारीच्या अखेरीस चुलते पुण्यात आले. त्यांनी धर्माचा विषय काढला नाही, जातीचाही काढला नाही. पिशवीतून त्यांनी पाचशेच्या मुद्रांकावर टंकलेले हक्कसोडपत्र काढले. ‘तू त्या कायद्याने लग्न करणार, म्हणजे एकत्र कुटुंबातून तू तशीही बाहेर पडणार, मग सही करून मोकळी हो,’ असे त्यांचे म्हणणे होते. या कायद्याच्या कलम १९ मध्ये असे विभक्त होणे सांगितले आहे हे खरे, परंतु १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २१-क नुसार, दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते लागू होत नाही, आणि २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलाइतकाच आहे. साथीदार मुसलमान किंवा ख्रिस्ती असता तर ही बाब वेगळी ठरली असती. अशा जोडप्यांनी वारसाहक्काबद्दल वकिलाचा सल्ला नोटिशीआधीच घ्यावा. मी सही केली नाही. अभ्यास मंडळात आम्ही वर्षानुवर्षे जात आणि जमीन यांचा संबंध सांगत आलो होतो, पण तो संबंध असा टंकलेला, सहीची जागा रिकामी ठेवलेला, मी प्रथमच पाहिला.

चुलत्यांनी पुढे कार्यालयात तोंडी हरकतही घेऊन पाहिली. हरकत घेता येते ती फक्त कलम ४ मधल्या अटींवर: आधीचे लग्न अस्तित्वात असणे, संमती देण्याची क्षमता नसणे, मुलाचे एकवीस व मुलीचे अठरा वर्षे वय पूर्ण नसणे, आणि निषिद्ध नातेसंबंध. घरच्यांची नापसंती, जात किंवा धर्म यांना तिथे जागा नाही. लेखी हरकत आलीच, तर अधिकाऱ्याने तीस दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि ती मान्य झाल्यास जिल्हा न्यायालयात अपील करता येते. लिपिकाने चुलत्यांसमोर कलमाचा कागद ठेवला आणि विषय मिटला.

मुदत १२ मार्चला संपली. तारखेवरून आमच्यात थोडी गंमत झाली. मुहूर्त पाहणार नाही असे बजावणाऱ्या माझ्या साथीदाराने २० मार्चचा, म्हणजे १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवसाचा, आग्रह धरला. हा मुहूर्तच की, असे मी म्हटल्यावर तो जरा गप्प झाला, पण तारीख त्याने बदलली नाही. मलाही ती सोयीची होती, कारण १६ तारखेला तुकाराम बीज होती आणि अण्णा देहूला येणार होते.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह लागतात. आमचे साक्षीदार म्हणजे त्याची बहीण, माझी वसतिगृहातली खोलीसोबतीण आणि आमचे एक प्राध्यापक. आधी दोघांनी घोषणापत्रावर सह्या करायच्या, त्यावर साक्षीदारांच्या आणि विवाह अधिकाऱ्यांच्या सह्या होतात. मग एकमेकांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत ठरलेले वाक्य म्हणायचे. ‘मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते,’ हे मी मराठीत म्हटले. घोषणा देऊन तयार झालेला माझा आवाज नेमका तिथे बसला, आणि अधिकाऱ्यांनी ‘सावकाश’ म्हणत पुन्हा म्हणायला लावले. अण्णा आले होते. साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी नकार दिला, ‘गावात राहायचं हाय,’ एवढेच कारण दिले, आणि मी आग्रह केला नाही. आई आली नाही. त्याच्या आईने दोघांना पांढरी वस्त्रे आणली होती, अण्णांनी बुक्का आणला होता. कार्यालयाच्या आवारात आम्ही दोन्ही स्वीकारले. साथीदाराने मात्र कपाळ पुढे न करता बुक्क्याची पुडी हातात घेतली, आणि अण्णांनी ती तशीच त्याच्या हातात ठेवली.

प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळाले. भाडेकरार, दाखले, प्रवास, छायाचित्रे आणि साक्षीदारांचे जेवण धरून आमचा सगळा खर्च सहा हजारांच्या आसपास झाला. प्रमाणपत्राच्या प्रमाणित प्रती तेव्हाच जास्तीच्या मागून घ्याव्यात. लग्नानंतर नाव बदलणे बंधनकारक नाही. मी बदललेले नाही, आणि बँकेत किंवा पारपत्राच्या अर्जात त्यामुळे आजवर अडचण आलेली नाही.

एक काम अजून चालू आहे. आंतरजातीय विवाहाला प्रोत्साहन म्हणून राज्यात ५०,००० रुपयांचे अर्थसहाय्य मिळते, आणि त्यासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे अर्ज करावा लागतो. विवाह प्रमाणपत्र, दोघांचे एकत्रित छायाचित्र आणि संयुक्त बँक खाते यांबरोबरच दोघांच्या जातीचे पुरावे लागतात. जात ओलांडल्याबद्दलचे पैसे जात सिद्ध केल्यावरच मिळतात, हे ओघानेच आले. आमचा अर्ज जून महिन्यात दाखल झाला आणि निधीच्या प्रतीक्षा यादीत आहे. त्यासाठी दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रेही मागतात. एक आमच्या प्राध्यापकांनी दिले. दुसरे अण्णांच्या दिंडीतल्या विणेकऱ्यांनी, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत, स्वतःहून लिहून पोस्टाने पाठवले. त्यांनी पत्रावर तारीख घातली नव्हती, म्हणून ते एकदा परत करावे लागले. तेव्हा शिफारसपत्रावर तारीख, पूर्ण पत्ता, हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक आहे याची खात्री करूनच ते जोडा.